30 आणि 22 ची बेरीज

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात खोट नव्हती. फोटो, शिक्का, क्यूआर कोड, सह्या सगळं जागच्या जागी, आणि मधल्या ओळीत 30 टक्के, कायमस्वरूपी. ते घेऊन आलेले अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले. आयुष्यभर टॉवेलच्या कारखान्यात माग चालवलेले. साखरेमुळं उजव्या पायाला जखम झाली, चिघळली आणि चवडा काढावा लागला. आता बारा-बारा तास मागापुढं उभं राहणं होत नाही, म्हणून काम सुटलं. त्यांच्या पत्नी अक्का विड्या वळतात, घर त्यावर. संजय गांधी योजनेच्या खिडकीवर त्यांना एका वाक्यात परत पाठवलं होतं: 40 लागतात, तुमचे 30 आहेत.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली होती, त्यामुळं त्या दिवशी दिव्यांगांच्या अर्जांसाठीच्या आमच्या मदत टेबलावर गर्दी कमी होती. अक्कांनी पिशवीतून कागद काढले आणि विचारलं ते दुसरंच. "दहा हजार दिले की 45 करून देतो म्हणतोय एक जण. खरं हाय का ओ?"

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. त्याचं उत्तर त्यांना जसं दिलं तसंच इथं देतो. टक्केवारी डॉक्टरांच्या मनावर नसते, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिचा तक्ता आहे. पायाची सगळी बोटं गेली तर 20. चवड्यापर्यंत गेला तर 30. पावलाच्या मध्यापर्यंत गेला तर 40. घोट्यातून गेला तर 55. अण्णांचा पाय चवड्यापर्यंत गेला आहे, म्हणून 30. पैसे घेऊन कुणी 45 लिहून दिले तरी पाय तेवढाच राहतो, आणि फेरतपासणी लागली की प्रमाणपत्र रद्द होतं. वर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 91 आहे. खोटेपणानं लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दहा हजार घेणारा त्या दिवशी सापडत नाही.

निर्णय मान्य नसेल तर 90 दिवसांत अपील करता येतं, पण अपील कशावर करायचं? आकडा बरोबरच होता. इथं बहुतेक वेळा फाइल बंद होते.

मी कपाटाकडं वळून नोंदवही काढता काढता अण्णांना वय विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. त्यांच्याकडं तोंड करून तोच प्रश्न तितक्याच आवाजात विचारला, तर लगेच "अठ्ठावन्न." मग वही तोंडासमोर धरून मुलं किती ते विचारलं. अण्णा माझ्याकडं बघत राहिले, अक्कांनी कोपर हलवलं. ते ओठ वाचत होते.

"ऐकू कमी येतं का?"

"छे, मागावर सगळ्यांचं असंच असतंय की," अक्का म्हणाल्या. "शेडमध्ये कोण ऐकतंय? हातानंच बोलतेत."

सोलापुरात ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिला कुणी आजार म्हणत नाही. धोटा मागाच्या दोन्ही बाजूंना आपटतो, शेजारी तसेच वीस-तीस माग, वर पत्र्याचं छत. अशा आवाजात वर्षानुवर्षं राहिलेल्या कानाचं आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. म्हणून हॉर्न ऐकू येतो, भांडं पडलेलं कळतं, पण शब्दातली स, श, त, क ही अक्षरं निसटतात. "आवाज येतोय, काय म्हणालेत ते कळंना" अशी तक्रार असेल तर कान तपासायलाच हवा. आणि असं गेलेलं ऐकणं औषधानं परत येत नाही.

मग अण्णा वैद्यकीय बोर्डापुढं गेले तेव्हा कान का तपासला नाही? कारण अर्जात तो नव्हता. प्रमाणपत्राचा अर्ज ज्यावर भरतात त्या स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांगत्वाचा प्रकार निवडावा लागतो. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारानं पाय बघितला, अस्थिव्यंग निवडलं आणि पुढं गेला. त्यामुळं अण्णा थेट हाडाच्या डॉक्टरांकडं गेले, त्यांनी पाय मोजला. माणूस पायासाठी आला असेल तर कानाबद्दल विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि कान गेलाय हे अण्णांच्याही डोक्यात नव्हतं. प्रमाणपत्रावरचा आकडा माणूस ज्या तक्रारीसाठी गेला त्या तक्रारीचा असतो. आकडा खरा असला तरी कधी कधी अपुरा असतो.

म्हणून अर्ज भरण्याआधी पाच मिनिटं डोक्यापासून पायापर्यंत जावं असं मी म्हणेन. नीट दिसतं का, ऐकू येतं का, बोटांची पकड, तोल, फिट येते का, रक्ताचा जुना आजार आहे का. असेल ते सगळं अर्जात लिहा, नसेल ते मात्र नको.

अण्णांसाठी नवा अर्ज करायचा नव्हता. एका आधारवर दुसरी नोंदणी केली की पोर्टल अडवतं आणि पहिलीही लोंबकळते. त्यांच्याच यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या क्रमांकावर फेरतपासणी मागितली, अस्थिव्यंगासोबत श्रवणदोष घातला, जुने केसपेपर आणि शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड जोडलं. इथं एक नेहमीचा अडथळा आला. आडनाव तेलुगू, आधारवर एक स्पेलिंग, डिस्चार्ज कार्डावर दुसरं, पासबुकावर तिसरं. पूर्व भागात दर चौथ्या घरात हा घोळ असेल. आधी आधार हवं तसं करून घ्यायचं आणि बाकी सगळं आधारप्रमाणं, हाच क्रम ठेवावा. उलटं केलं तर प्रत्येक खिडकीवर नव्यानं प्रतिज्ञापत्र मागतात.

कानाच्या तपासणीला जाण्याआधी तीन गोष्टी सांगितल्या. कानात मळ असेल तर आधी काढून घ्या, नाहीतर तपासणी पुढं ढकलतात. कान वाहत असेल तर आधी उपचार. आणि आदल्या दिवशी कारखान्यात, मिरवणुकीत, डीजेसमोर थांबू नका, कारण मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर राहतो आणि आकडा चुकीचा येतो. तपासणीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, ते अंदाजानं दाबू नका, मुद्दाम थांबूही नका. एकच तपासणी दोनदा घेतात, उत्तरं जुळली नाहीत की डॉक्टरांना शंका येते आणि मग बेराची तपासणी सांगतात. तिच्यात मेंदूकडं जाणारा संदेशच मोजतात, माणसाच्या उत्तराची गरज नसते.

ऑडिओग्राममध्ये 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झची सरासरी धरतात आणि प्रत्येक कानाची टक्केवारी काढतात. अण्णांच्या चांगल्या कानाची 20 आली, वाईट कानाची 32. दोन्हींची सरासरी काढत नाहीत. चांगल्या कानाची पाचपट, त्यात वाईट कानाची टक्केवारी, आणि भागिले 6. म्हणजे 100 अधिक 32, 132, भागिले 6, बरोबर 22. एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असलेला माणूस म्हणूनच 17 च्या पुढं जात नाही. "माझा एक कान शंभर टक्के गेलाय, मग 17 कसे?" या रागाचं उत्तर या भागाकारात आहे.

अक्कांनी बोटांवर हिशेब केला. 30 आणि 22, 52. मग मी कागदावर लिहून दाखवलं, कारण ही बेरीज साधी नसते. मोठी टक्केवारी आधी घ्यायची, 30. ती 90 मधून वजा करायची, उरले 60. लहान टक्केवारीला 60 नं गुणायचं आणि 90 नं भागायचं. 22 गुणिले 60, 1320. भागिले 90, 14.67. तो 30 मध्ये मिळवायचा, 44.67. प्रमाणपत्रावर 45 आले.

सात टक्के कुठं गेले म्हणून अक्का खट्टू झाल्या, आणि त्यांचं खट्टू होणं मला समजतं. पण दुसरं दिव्यांगत्व उरलेल्या क्षमतेवर मोजतात, पूर्ण शरीरावर नाही. नाहीतर तीन-चार व्याधी असलेल्या माणसाची बेरीज 150 झाली असती. 30 आणि 30 असतील तरी 50 च होतात, हे लक्षात ठेवलं तर बोर्डाच्या दारात वाद होत नाहीत.

45 मुळं काय मिळतं ते त्याच कागदाच्या मागं लिहून दिलं. संजय गांधी निराधार अनुदान: दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2500, त्याआधी 1500 होते. एसटीत 75 टक्के सवलत. अक्का सोबत असतील तर त्यांना मात्र पूर्ण तिकीट, साथीदाराची निम्मी सवलत 65 टक्क्यांच्या पुढं. केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन नाही, त्याला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेचा दाखला लागतो. महापालिकेच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, त्यातून निघणाऱ्या योजनांचे अर्ज वेगळे. पुण्याला लेकीकडं जायला रेल्वेची सवलत मिळेल का, असं अण्णांनी विचारलं. नाही. अस्थिव्यंगात ती सोबतीशिवाय प्रवासच करू न शकणाऱ्याला मिळते, आणि रेल्वेचं सवलतीचं ओळखपत्र निराळं असतं. ही अपेक्षा आधीच मोडलेली बरी, तिकीट तपासनिसासमोर मोडण्यापेक्षा.

पुढचा अडथळा उत्पन्नाचा. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं. महिन्याला 4,167 रुपये. दोन माणसांचं घर या पैशात कसं चालतं हे मर्यादा ठरवणाऱ्यांनी एकदा बाजारात जाऊन बघावं. रक्कम वाढली, मर्यादा तिथंच आहे, आणि माझ्या मते या योजनेतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे. अण्णांच्या घरात अक्कांची विड्यांची मजुरी तेवढीच होती. मजुरीचा हिशेब कारखान्याच्या कार्डावर असतो, त्याची झेरॉक्स उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाला लावली. तोंडी सांगितलं की चौकशीत अंदाजानं आकडा पडतो आणि तो बहुधा 50,000 च्या वर पडतो. बाकी 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, पासबुक. अक्कांना भीती होती की लाडकी बहीण त्यांच्या नावावर आहे म्हणून अण्णांचं अडेल. तसं अडत नाही. त्या योजनेची अट बाईला स्वतःला दुसरीकडून तेवढी रक्कम मिळत असेल तर लागते, नवऱ्याला मिळते म्हणून नाही.

अर्ज देण्याआधी बँक बघितली, आणि बघितली म्हणून बरं झालं. पैसे आता थेट आधारवर जमा होतात. पासबुक राष्ट्रीयीकृत बँकेचं होतं, "आधार लिंक हाय" असं अण्णा ठामपणे सांगत होते. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार कुठल्या खात्याला जोडलंय त्याची स्थिती काढली तर तिथं दुसऱ्याच बँकेचं नाव. कधीतरी सिमकार्ड घेताना मोबाइलवर उघडलेलं खातं, त्यांना आठवतही नव्हतं. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात जातील ते ठरणं वेगळं. सर्वांत शेवटचं सीडिंग जिथं झालं तिथं पैसे जातात. "मंजूर आहे पण पैसे येत नाहीत" या तक्रारीत मी सर्वांत आधी हेच बघतो. अण्णांनी बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज दिला, आठवड्यानं स्थिती पुन्हा बघितली, बदललेली दिसली, मगच संजय गांधी शाखेत फाइल दिली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हयातीचा दाखला दर वर्षी द्यायचा असतो, हे अक्कांनी पासबुकाच्या पुठ्ठ्यावर तेलुगूत लिहून ठेवलं.

टेबलावर कागदावरचं गणित चाललं होतं त्या दिवशी मागच्या खुर्चीवर विशी-बाविशीचा एक मुलगा बसला होता. लहानपणी विटी लागून डावा डोळा गेलेला. सगळा हिशेब त्यानं कान देऊन ऐकला आणि आपलं प्रमाणपत्र पुढं केलं. 30.

"माझं पण बघा की."

सगळं विचारलं. कान उत्तम. हातपाय उत्तम. उजवा डोळा 6/6. जोडायला दुसरं काही नव्हतं. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा 6/18 पर्यंत चांगला असला की तक्त्यात 30 च आहेत, आणि नोकरीतलं 4 टक्के आरक्षण 40 पासून पुढं. चांगला डोळा 6/24 वर उतरला तर 30 चे थेट 60 होतात, मधे 40 येतच नाहीत.

"म्हणजे हा पण जाऊ लागला की यायचं?"

मी त्याला उजव्या डोळ्याची वर्षातून एकदा तपासणी करून घ्यायला आणि दर वेळचा कागद जपून ठेवायला सांगितलं. नेहरूनगरकडं एका गॅरेजमध्ये वेल्डिंग करतो म्हणाला. गॉगल लावतो का विचारलं. मालक एकच देतो, तो दोघांत आहे, म्हणाला. तेव्हा दुसऱ्या गॉगलसाठी मालकाला फोन केला. त्या दिवशी त्याच्यासाठी करता आलं ते तेवढंच.