रापण, पोरगं आणि चौदा पानांचा करार

माझ्या पुस्तकावर चित्रपट करायचाय, असा निर्मात्यांचा फोन आला तेव्हा माझं पहिलं उत्तर ‘नको’ असंच होतं. देवबागच्या किनाऱ्यावर घडणारी मुलांची कादंबरी; तिच्यात खलनायक नाही, गाणं नाही, आणि निम्मे संवाद मालवणीत. निर्माते चिकाटीचे निघाले. त्यांच्याशी बोलणी करताना जे कळलं, ते अशा फोनची वाट न बघताही ज्यांना तो येईल अशा लेखकांसाठी लिहून ठेवतेय.

आधी कपाट उघडायचं आणि प्रकाशकाशी केलेला जुना कागद शोधायचा. माझ्याकडे एकपानी पत्र निघालं. त्यात ‘सर्व आवृत्त्यांचे हक्क’ असं होतं. नशीब, ‘सर्व हक्क’ नव्हतं. चित्रपटाचे हक्क त्यामुळे माझ्याकडेच होते, तरी निर्मात्यांना प्रकाशकाचं ना-हरकत पत्र लागतंच, कारण पुढे ओटीटीवाले हक्क कुणाकडून कुणाकडे आले याचा एकेक कागद मागतात. त्यात तीन आठवडे गेले. मुखपृष्ठावरचं बनियनवालं पोरगं मात्र माझं नाही. चित्रांचा कॉपीराइट वेगळा. तो चित्रकाराचा की प्रकाशकाचा, हे त्यांच्या आपसातल्या करारावर ठरतं. पोस्टरवर किंवा खेळण्यांवर ते रूप हवं असेल तर निर्मात्यांनी तिकडे स्वतंत्र बोलायचं, असं मी लिहूनच घेतलं.

दुसरी गोष्ट, हक्क लगेच विकायचे नसतात. आधी ‘ऑप्शन’ द्यायचा: ठरावीक मुदतीत तेच विकत घेऊ शकतील, तोवर दुसऱ्या कुणाला देणार नाही. आमचं 12 महिन्यांचं ठरलं, पुढे सहा महिन्यांची एकच मुदतवाढ. ऑप्शनची रक्कम पूर्ण किमतीच्या 10 टक्के आणि ती किमतीतून वजा होणार. मुदतवाढीची रक्कम वजा होणार नाही. इथे कोकणातली एक मेख आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, आणि रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, चित्रीकरण करायला उघडा समुद्र लागतो. ऑप्शन ऑगस्टमध्ये सुरू केला तर 12 महिन्यांत एक अख्खा हंगाम हाती येतो. मार्चमध्ये सुरू केला तर हंगाम दोन तुकड्यांत येतो आणि मुदतवाढ मागायला आयतं कारण मिळतं. उरलेली किंमत चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी मिळेल असं लिहून घ्या. ‘प्रदर्शनाच्या वेळी’ या शब्दांवर राहू नका, शूट होऊन डब्यात पडलेले सिनेमे पुष्कळ असतात. आणि ‘निव्वळ नफ्यात 5 टक्के’ ऐकून हुरळून जाऊ नये. खर्च वजा करत गेलं की निव्वळ काही उरत नाही. मी त्याऐवजी ओटीटी किंवा टीव्हीला विक्री झाल्यावर ठोक रक्कम मागितली, ती थोडी घासाघीस होऊन मिळाली.

मसुदा चौदा पानी, इंग्रजीत. सातबारा वाचणारा वकील इथे कामाचा नाही. कॉपीराइटवाला गाठावा, मुंबईचा असला तरी फोनवर भागतं. हक्क ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं त्यात लिहिलं होतं. (चंद्रावर रापण ओढणार असावेत.) 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच, आणि मसुद्यात ते वेगळं नेमकं लिहिलेलं असतं. आम्ही मधला रस्ता काढला. बनलेला चित्रपट कायम त्यांचा. पण पूर्ण पैसे भरल्यापासून तीन वर्षांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क परत माझ्याकडे. छापील पुस्तक, ऑडिओ, बालनाट्य आणि याच पात्रांची पुढची पुस्तकं मी राखून ठेवली. श्रेयनामावलीत ‘प्रेरित’ नाही, ‘आधारित’.

खरी ओढाताण ‘विचारविनिमय’ आणि ‘लेखी संमती’ या शब्दांवर झाली. विचारविनिमय म्हणजे ते ऐकून घेतील आणि हवं तेच करतील. सगळ्या पटकथेला संमती कुणीच देत नाही. म्हणून परिशिष्टात न बदलायच्या गोष्टींची यादी जोडली. मी पाच मागितल्या, तीन टिकल्या: शेवट, आजीची मालवणी आणि वाटा. वाट्याचं असं, की रापण किनाऱ्यावर ओढताना जो दोरीला हात लावेल त्याला मासळीतला वाटा मिळतो, पोर असलं तरी. पुस्तकात आजी म्हणते, “दोरयेक हात लाव रे, वाटो गावतलो.” पहिल्या खर्ड्यात तिथे ‘मजुरी’ आली होती. एका शब्दाने गावकीतलं पोरगं बालकामगार झालं, आणि पाठोपाठ जुलमी मालक हवाच म्हणून एक खलनायकही उगवला.

त्याच कायद्यात कलम 57 आहे की, असं कुणी सांगेल. खरं आहे. हक्क विकल्यावरही, लौकिकाला बाध येईल अशा मोडतोडीला लेखक हरकत घेऊ शकतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 1986 मध्ये हे कलम चित्रपटाच्या संदर्भात तपासलं आहे. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. परिशिष्टातली ओळ त्यापेक्षा स्वस्त पडते.

मसुद्यातला शेवटचा सापळा माझ्या नजरेतून जवळजवळ सुटला होता: ‘सात दिवसांत हरकत न आल्यास संमती समजली जाईल.’ आमच्याकडे पावसात वीज गेली की नेट दोन-दोन दिवस येत नाही. सातचे 21 करून घेतले, आणि ईमेलसोबत फोनही करायचा असं घातलं.

गावातली मुलं गर्दीत उभी करणार होते, म्हणून बालकलाकारांचे नियमही करारात आणले: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाच्या किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. यावर कुणी वाद घातला नाही.

मुदतवाढीचे पैसे टीडीएस कापून जमा झालेत. दुसरा खर्डाही आलाय. वाटा परत आलाय, मालक गेलाय. आजी मात्र अजून म्हणते, “दोरीला हात लाव बाळा, तुला हिस्सा मिळेल.” 21 पैकी नऊ दिवस उरलेत, हरकतीचा ईमेल आज रात्री वीज असेतोवर पाठवतेय.