फरशीखाली गाडलेलं अर्थिंग

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो: "मिस्त्री, एसी बसवायला किती घेणार?" मी उलट विचारतो, घर कुठलं, मजला कितवा, वर पत्रा की स्लॅब. निम्मे लोक तिथंच वैतागतात. दुकानात अडतीस हजार ऐकून आलेले असतात आणि त्यांच्या हिशेबात माझे दीड हजार धरले की विषय संपतो. २०२५ च्या सप्टेंबरात एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर सोलापूरच्या पूर्वभागातल्या बोळाबोळातून फोन येतात.

असाच एक फोन अशोक चौकाच्या पलीकडून आला. खाली टॉवेलचे यंत्रमाग, वर घर. मालक माझ्याच वयाचा. वरच्या खोलीत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाहेर बेचाळीसच्या पुढे पारा, अंगाला घाम म्हणून नाही. येतो आणि तिथंच वाळतो. दहा बाय बाराची खोली, पश्चिमेची भिंत उघडी, डोक्यावर उघडा स्लॅब. खिडकीत जुना पत्र्याचा कूलर, त्याच्या जाळ्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर.

मी सरळ सांगितलं, "मालक, सोलापूरच्या हवेत कूलर बरा चालतोय की. ह्याला जाळ्या नव्या घाला, खिडकी उघडी ठेवा, दुपारी सव्वीस-सत्तावीसची हवा येईल." खोटं नव्हतं ते. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं आणि तितका गारवा. मुंबईत कूलर लावला तर नुसती भिंत ओली होते. वीजही कमी: रात्रभर चालवला तरी महिन्याला पन्नासेक युनिट. दीड टनाचा एसी आठ तास चालवला तर मे महिन्यात अडीचशे युनिट सहज खातो, आणि तीनशेच्या वर गेलेल्या युनिटाचा दर पहिल्या शंभरातल्या दराच्या दुपटीहून जास्त आहे.

मालक काही बोलायच्या आत त्याची आई दारातून म्हणाली, "अण्णा, पाणी तू आणून देणार का?"

मग अम्मांनी हिशेब मांडला. नळाला पाणी चार दिवसांनी. मोठा कूलर दिवसभर चालला की चाळीस-पन्नास लिटर पितो. बोअरचं पाणी खारट, त्याने जाळ्या दगड होतात. लेक बाळंतपणाला येणार मेच्या मध्यात, बाळाचे कपडे, बाळंतिणीची अंघोळ, वर कूलरला पाणी कुठून? टँकर विकत घ्यायचा तर विजेचं बिल काय वाईट? मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे, पण कोरड्या गावात पाणी वाचवायला एसी घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं. आणि म्हातारीचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

जाता जाता त्या म्हणाल्या, "आणि त्या कूलरला शॉक बी बसलालाय की. आता फ्रिजलापण झिणझिण्या येतेत."

कूलरला शॉक म्हणजे नवल नाही. पत्र्याची बॉडी, ओली मोटर, दर उन्हाळ्यात ऐकतो. पण फ्रिज? फ्रिज दुसऱ्या खोलीत, चांगल्या कंपनीचा, दोन वर्षांचा. मी मीटर काढला. फेज म्हणजे वीज आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी; दोन्हींत दोनशे सव्वीस व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ, म्हणजे गळालेली वीज जमिनीत सोडणारी तार, यांच्यात दोन-तीन व्होल्ट असले तर समजू शकतो, इथं साठच्या वर. कूलरचा प्लग उपटला, आकडा धपकन खाली आला. परत लावला, परत साठ.

म्हणजे कूलरच्या मोटरीतून वीज गळत होती, ती बॉडीतून अर्थिंगच्या वायरीत जात होती, आणि त्या वायरीला पुढं जायला जमीनच नव्हती. मग ती घरात फिरायची: फ्रिजच्या पत्र्यावर, मिक्सरच्या पिनेवर, जिथं तीन पिनांचा प्लग असेल तिथं. याच पॉइंटला एसी जोडला असता तर तोही त्याच माळेत गेला असता. मालकाला दाखवायला मी सगळे प्लग काढायला लावले, सगळ्यांना पलंगावर बसवलं आणि फेज-अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब धरला. तार नुसती तांबडी झाली, उजेड म्हणून नाही.

"वडिलांनी केलं होतं अर्थिंग," मालक म्हणाला. "कुठं केलं होतं?" त्याने अंगणाकडं बोट दाखवलं. अंगणात शहाबादी फरशी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. बहिणीच्या लग्नात घातलेली.

पहारीने फरशी उचकटली. खाली पाईप होता, त्यावरचा नटबोल्ट गंजून पापुद्रे सुटत होते, आणि भोवतीची माती चिमटीत धरली तर भुकटी. अर्थिंग म्हणजे जमिनीत गाडलेलं लोखंड असं लोकांना वाटतं. लोखंडापेक्षा त्याच्या भोवतीच्या ओलीवर सगळं अवलंबून असतं, म्हणून तर मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओततात. यांच्या खड्ड्यावर लग्नापासून थेंब पडला नव्हता. मी दोन बादल्या ओतायला सांगितल्या. अम्मांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण ओतल्या. अर्ध्या तासाने बल्ब धरला तर पिवळा झाला होता. पुरा नाही, पण सगळ्यांना दिसला. त्यानंतर मला अर्थिंगसाठी वेगळं समजवावं लागलं नाही.

आता पैशाचं. एसी अडतीस हजार, बसवायचे दीड हजार, स्टँड आठशे. मागांमुळे त्या गल्लीत व्होल्टेज नाचतं, म्हणून स्टॅबिलायझर तीन हजार. मीटरपासून वरपर्यंत चार चौरस मिलीमीटरची नवी वायर, लोड जास्त झाला की तोडणारा एमसीबी आणि गळती झाली की तोडणारा आरसीसीबी, मिळून साडेसहा हजार. नवं अर्थिंग, केमिकल भरून, साडेसहा हजार. आपल्याकडं तीन-चार फुटांवर मुरूम आणि खाली काळा दगड लागतो, त्याचे पैसे खोदणाऱ्याला मोजावेच लागतात.

घासाघीस झाली ती तांब्याच्या पाईपवर. तीन मीटर एसीबरोबर येतो. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगलं तर तेवढ्यात भागलं असतं. पण एकतर तिथं संध्याकाळपर्यंत ऊन, आणि एसीची क्षमता मोजतात ती बाहेर पस्तीस अंश धरून. चव्वेचाळीसमध्ये, तापल्या भिंतीवर तो तेवढं काम देत नाही. दुसरं म्हणजे खालच्या शेडचा एक्झॉस्ट नेमका त्याच बाजूला. मागावरची रुई उडते. अशा जागचं एक युनिट मी उघडलं आहे, कॉइलने टॉवेल पांघरल्यासारखं दिसत होतं. म्हणून उत्तरेला न्यायचं, चार मीटर पाईप जास्त, मीटरला नऊशे. सगळं धरून साठ हजारांना शंभर कमी.

मालक म्हणाला, "मग खालच्या मागाच्या मीटरवरून लाईन ओढा, बिल तरी वाचेल." यंत्रमागाला सवलतीचा दर आहे म्हणून हे डोक्यात येतंच. मी नाही म्हटलं. एका कामासाठी दिलेली जोडणी दुसऱ्याला वापरली की वीज कायद्याचं १२६ कलम लागतं, आणि वसुली एसीच्या किमतीच्या वर जाऊ शकते. त्याऐवजी गच्चीला चुना मारायला सांगितला, दोन हात. रात्री अकराला स्लॅबखाली हात धरला की फरक कळतो, आणि तेवढाच एसीवरचा भार कमी.

बसवायला गेलो तेव्हा चुना मारून झाला होता. पाईपातली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला तर मालकाने विचारलं, हवा एवढी कोरडी, मग हे कशाला? इथले बरेच जण याच सबबीवर गॅस सोडून पाईप फुंकतात आणि मोकळे होतात. पण ओल नसली तरी पाईपात हवा असतेच, ती गॅसात मिसळली की दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर तापतो. पंप चालू दिला, तोवर चहा झाला. एसी सुरू झाल्यावर अम्मांनी पाणी सोडायच्या नळीखाली बादली ठेवली. कुणीतरी सांगितलं होतं, एसीचं पाणी बादलीभर निघतं. कोकणात निघतं, आपल्या मे महिन्यात हवेत ओल असेल तर निघणार ना? तासाभरात तळ ओला झाला, इतकंच. "हा तर काहीच देत नाही," म्हणाल्या.

कूलरची मोटर बदलून तो हॉलमध्ये ठेवलाय, नळाला पाणी येईल त्या दिवशी चालवायला. अर्थिंगच्या खड्ड्यावर आता लोखंडी झाकण आहे, भांडी विसळलेलं पाणी त्यात जातं. मालकाने खालच्या शेडचंही अर्थिंग बघायला सांगितलं. तिथं फरशी नाही, सिमेंटचा कोबा आहे, आणि खड्डा कुठल्या कोपऱ्यात होता यावर दोघा भावांचं अजून एकमत झालेलं नाही.