आधी ड्रॉबार, मग मॅगझिन

भोसरीच्या शेडमधल्या जुन्या मिलिंग मशीनवर लिनक्ससीएनसी (मशीन संगणकावरून चालवणारं सॉफ्टवेअर) चढवल्यापासून जो येतो तो विचारतो, एटीसी, म्हणजे टूल आपोआप बदलणारी यंत्रणा, कधी बसवणार? बसवू की. पण मॅगझिन (टूल मांडून ठेवायचा फिरता साठा) फिरवणं हा त्यातला सोपा भाग. खरी परीक्षा ड्रॉबारची, म्हणजे स्पिंडलमध्ये (टूल फिरवणाऱ्या भागात) होल्डर ओढून धरणाऱ्या दांड्याची. बीटी ३० होल्डरला (टूल ज्यात बसतं त्या शंकूच्या आकाराच्या धारकाला) डिस्क स्प्रिंगा धरून ठेवतात. हवेचा सिलिंडर त्या दाबून फक्त सोडवतो. म्हणून कॉम्प्रेसर बंद पडला तरी टूल खाली येत नाही. ड्रॉबारपाशी दोन सेन्सर लावलेत. ‘धरलं’चा सिग्नल नसेल तर स्पिंडल सुरू होत नाही, आणि स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. एवढं जमलं नसेल तर एटीसीचं नावही काढू नये.

तोवर टूल हातानेच. प्रोग्राममधला एम ६ हा कोड नुसतं टूल बदलतो, टूलच्या लांबीचा ऑफसेट (लांबीतल्या फरकाची भरपाई) लावायला जी ४३ वेगळा द्यावा लागतो; नवीन पोरांना हे दहादा सांगावं लागतं. ईआर कोलेटमध्ये (कटर आवळून धरणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीत) कटर पुन्हा आवळला की लांबी बदललीच. मग टेबलावरच्या सेटरवर (लांबी मोजायच्या सेन्सरवर) जी ३८.२ ने, म्हणजे टोक टेकेपर्यंत खाली नेणाऱ्या कोडने, मोजायची, पण आधी टोकाची चीप (धातूचा कीस) पुसून. चीप राहिली तर कटर लांब मोजला जातो आणि पॉकेट (कोरलेला खड्डा) तेवढाच उथळ निघतो.