कुपीवरचा हडपसरचा पत्ता

मार्च २०२१ मधील एका सकाळी मी घानाची राजधानी आक्रा येथील एका आरोग्य केंद्रात आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ लेखापाल बाईंच्या सोबतीला गेलो होतो. त्यांना आम्ही सगळेच आंटी म्हणतो. वय साठीच्या पुढचे आणि त्यात मधुमेह, म्हणून कोरोना लसीकरणाच्या पहिल्या टप्प्याच्या यादीत त्यांचे नाव होते. परिचारिकेने शीतपेटीतून काचेची छोटी कुपी काढली, तिच्यावरची मुदतीची तारीख मोठ्याने वाचली आणि खात्री पटावी म्हणून ती आमच्यासमोर धरली. दहा मात्रांच्या त्या कुपीवर बारीक अक्षरांत पत्ता छापलेला होता : हडपसर, पुणे. ज्या हडपसरच्या भाजी मंडईत लहानपणी आईचा पदर धरून हिंडलो, ते नाव अटलांटिक महासागराच्या काठावरील या शहरात वाचताना माझा कंठ दाटून आला. आंटींनी विचारले, "हे तुमचेच गाव ना?" मी होकार दिला. "मग मला कसली भीती?" असे म्हणून त्यांनी बाही वर केली.

ती कुपी तिथवर कशी पोहोचली, हे समजून घेण्यासारखे आहे. एप्रिल २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना, गरीब देशांना लसी मिळवून देणारी 'गावी' आणि साथींवरील लसींच्या संशोधनाला पैसा पुरवणारी 'सेपी' या संस्थांनी एकत्र येऊन 'कोव्हॅक्स' ही व्यवस्था उभी केली. श्रीमंत देश आपापल्या पैशाने लसींचे आगाऊ करार करणार, हे तेव्हाच दिसत होते. ज्यांना ते परवडणार नाही अशा ९२ देशांसाठी देणग्यांतून एकत्रित खरेदी करावी आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी करावी, असा तो विचार होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या देशांसाठी एका मात्रेची किंमत जास्तीत जास्त ३ डॉलर ठेवण्याचे मान्य केले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सीरमच्या कोव्हिशील्ड लसीला आपत्कालीन मान्यता दिली आणि २४ फेब्रुवारीला युनिसेफने पाठवलेल्या ६ लाख मात्रा मुंबईहून आक्राच्या कोटोका विमानतळावर उतरल्या. भारताबाहेर कोव्हॅक्सची लस मिळालेला घाना हा पहिला देश होता. १ मार्चला राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अडो यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर लस टोचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मोहीम सुरू झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे आफ्रिकेविषयी बोलताना हे देश नुसते हात पसरून बसलेले असतात असे चित्र रंगवले जाते. मार्च २०२० मध्ये पहिले दोन रुग्ण सापडले तेव्हापासून येथील नोगुची या वैद्यकीय संशोधन संस्थेने चाचण्यांचा मोठा भार उचलला. ही संस्था १९७९ मध्ये जपानच्या साहाय्याने उभी राहिलेली होती. रोज ऑफिसच्या दारात आम्ही ज्या नळ लावलेल्या बादलीतून हात धूत असू, तिला 'व्हेरोनिका बकेट' म्हणतात. व्हेरोनिका बेको या घानाच्याच जीवशास्त्रज्ञ महिलेने ती साथीच्या कितीतरी वर्षे आधी तयार केली होती. वर बादली, तिला नळ, खाली वापरलेले पाणी साठवणारे भांडे, इतकेच. बाहेरून आलेली मदत अशा तयार जमिनीवर पडली, म्हणूनच तिचे सोने झाले.

मात्र मार्च संपता संपता पुण्याकडूनच वाट बंद झाली. भारतात दुसरी लाट उसळली, महाराष्ट्रात एप्रिलमध्ये दिवसाला ६० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले जाऊ लागले आणि लसीची निर्यात थांबली. त्या दिवसांत मी रात्री पुण्यातील भावाशी बोलत असे. तो शेजारच्या काकांसाठी प्राणवायूची सोय असलेली खाट शोधत फिरत होता. एकदा तो संतापून म्हणाला, "दादा, आपल्या माणसांना लस नाही आणि आपण ती जगभर वाटत बसलो, हे तुला पटते का?" सकाळी कार्यालयात गेलो की आंटी विचारत, "तुमच्या गावाहून दुसरी मात्रा कधी येणार?" मला दोघांनाही उत्तर देता आले नाही. भावाचा संताप खोटा नव्हता आणि आंटींचा प्रश्नही गैर नव्हता. लसीचा एक डोस घेतलेल्या मधुमेही बाईला तुमचा हक्क दुय्यम आहे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

माझ्या मते चूक भारताने लस पाठवण्यात नव्हती. चूक ही होती की, अनेक गरीब देशांची पहिल्या महिन्यांतील सारी भिस्त एकाच शहरातील कारखान्यावर ठेवली गेली आणि त्या शहरालाच आग लागली तर काय, याची तरतूद कोणी केली नाही. याच काळात काही श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रा करारांनी अडवून ठेवल्या होत्या. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेत पेटंटचे नियम साथीपुरते शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यावर मर्यादित स्वरूपाचा निर्णय व्हायला जून २०२२ उजाडले. कोव्हॅक्सचे २०२१ चे उद्दिष्ट २ अब्ज मात्रांचे होते, प्रत्यक्षात अब्जावी मात्रा जानेवारी २०२२ मध्ये रवांडात पोहोचली. पुष्कळ देणग्या तर मुदत संपत आलेल्या लसींच्या होत्या. भुकेल्या घरी शिळे अन्न पाठवून दानाचे समाधान मिळवावे, तसा हा प्रकार मला वाटतो आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही.

म्हणूनच मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेल्या साथरोग कराराकडे मी आशेने पाहतो. पुढील साथीत सहभागी उत्पादकांनी तयार होत असलेल्या मालापैकी २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातील किमान निम्मा विनामूल्य असावा, असे त्यात उद्दिष्ट आहे. वाटा आधी ठरलेला असला तर संकटाच्या वेळी कोणाच्या मनाच्या मोठेपणाची वाट पाहावी लागत नाही. आफ्रिकेत लसनिर्मिती उभी करण्याचे प्रयत्नही यासाठीच महत्त्वाचे आहेत.

आंटींच्या दुसऱ्या मात्रेचा प्रश्न शेवटी सुटला तो काँगोमुळे. काँगोची राजधानी किन्शासा येथील सरकारला मिळालेल्या १७ लाख मात्रांपैकी बऱ्याच मुदतीत वापरल्या जाणार नाहीत असे दिसल्यावर कोव्हॅक्सने त्या इतर देशांकडे वळवल्या आणि ७ मे रोजी त्यांतील ३ लाख ५० हजार मात्रा आक्राला आल्या. त्याच महिन्यात केनियाने महाराष्ट्रातील कोरोनायोद्ध्यांसाठी १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. आपल्याकडे काहींनी त्याची चेष्टा केलेली वाचून मला फार वाईट वाटले, कारण आपल्या शेतात पिकणारे उचलून द्यायला मन लागते.

मेच्या उत्तरार्धात मी पुन्हा आंटींबरोबर त्याच केंद्रात गेलो. त्यांनी या वेळी परिचारिकेच्या आधीच चष्मा लावून कुपीवरचा पत्ता वाचला आणि हडपसरचा उच्चार अगदी नीट केला. माझ्या आईनेही पहिला डोस मार्चमध्येच घेतला होता, पण दोन मात्रांमधील अंतर भारतात मध्येच वाढवले गेल्यामुळे तिची दुसरी मात्रा पुढे गेली होती. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माझ्या आईच्या आधी आंटींचे लसीकरण पूर्ण झाले, हे त्यांना कळले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्यानंतर जूनमध्ये आईला दुसरी मात्रा मिळाल्याचे मी सांगेपर्यंत, रोज सकाळी जागेवर बसण्याआधी त्या माझ्या टेबलाशी येऊन आईची चौकशी करीत असत.