डाव्या ड्रममधले तेल

आमच्या 2006 सालच्या व्हॅनच्या डाव्या मागच्या चाकातून तेल झिरपत असे आणि पाच महिन्यांत एक्सलचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, ऑइल सील तीनदा बदलूनही ते थांबले नव्हते. ब्रेकचा ड्रम उघडला की आतले लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे, काळे, ओले दिसत आणि गंधकासारखा उग्र वास येई. आधी मला ब्रेक ऑइलचीच शंका होती. पण ते पाण्यात मिसळते, आणि हा थेंब मात्र वाटीतल्या पाण्यावर तवंग होऊन तरंगला. म्हणजे गळत होते ते डिफरन्शियलचे, मागच्या दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीचे, गिअर ऑइल.

इंदूरच्या देवास नाक्यावरच्या उस्ताद मेकॅनिकचे म्हणणे, सीलच डुप्लिकेट आले असणार. तिन्ही सील वेगवेगळ्या दुकानांतून आणलेली असल्यामुळे मला ते पटेना. सील टेकते त्या जागी शाफ्टवर नख फिरवून पाहिले, चर पडलेली नव्हती. बेरिंगमध्ये खेळ नव्हता. सपाट जागी गाडी उभी करून डिफरन्शियलच्या तेल भरायच्या बुचाच्या भोकात बोट घातले, तर तेल बरोबर काठाशी होते, म्हणजे जास्त भरलेले नव्हते.

खरा धागा सौ.ना सापडला. त्या पेट्रोलचा हिशेब वहीत लिहितात, आणि त्यावरून दिसले की राजवाडा ते भंवरकुवा अशा शहरातल्या खेपांत ड्रम कोरडा राहतो, ओंकारेश्वरची लांबची फेरी करून आले की ओला होतो. पुढच्या वेळी तिथून परतताच, डिफरन्शियलचे हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, हात लावता येणार नाही इतके तापलेले असताना, तोंड बाजूला ठेवून मी बूच सैल केले, तर आतून ‘फुस्स’ असा आवाज आला.

हाउसिंगच्या माथ्यावर ब्रीदरची, म्हणजे हवा जाण्याच्या छिद्राची, लहानशी टोपी असते. तेल तापले की फुगलेली हवा तिथून बाहेर पडते. कोंडलेली हवा 30 अंशांवरून 90 अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो, आणि मग ती सीलच्या कडेतून तेल ढकलते. गेल्या पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला काळा लेप मारून घेतला होता, तो या टोपीवरही बसून घट्ट झाला होता. गळती त्यानंतरचीच.

डिझेलमध्ये भिजवून तारेने साफ केल्यावर टोपी बोटाने गरगर फिरू लागली. चौथे सील बसवले. तेल प्यालेले लायनर कितीही घासले तरी भरवशाचे राहत नाहीत, म्हणून तेही नवे घेतले. त्यानंतर ओंकारेश्वरच्या दोन फेऱ्या झाल्या. ड्रममध्ये आता लायनरची कोरडी भुकटी तेवढी निघते.