पशुवैद्यकाची इंटर्नशिप: निफाडच्या दवाखान्यातला माझा अनुभव

साडेचार वर्षांचे विषय संपले की पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागते. आधी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग पोस्टिंग, आणि लॉगबुकात केसगणिक सही. मी परळच्या महाविद्यालयाची. तिथे कुत्री-मांजरं भरपूर पाहिली. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळं हाताशी. पण गायी-म्हशींवर हात बसवायचा तर तालुक्याचा दवाखानाच गाठायला हवा, म्हणून फिल्ड पोस्टिंगला मी आपला नाशिक जिल्हा मागून घेतला आणि निफाड तालुक्यात रुजू झाले.

सकाळी जनावर अडकवून तपासायच्या खोड्याशी जनावरांची रांग असे. माजावर आलेल्या गायींना कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, कासदाह, वार अडकलेल्या म्हशी. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा आणि आत गर्भाशय चाचपायचं. दवाखान्यातले डॉक्टर, म्हणजे आमचे सर, एवढंच सांगत, "ती कुंथली की हात थांबव, सैल पडली की पुढं जा." चार महिन्यांपुढच्या गाभण गायीत गर्भाशयाच्या धमनीची थरथर बोटांना लागते. ती पहिल्यांदा लागली तेव्हा मी सरांना हाक मारून परत खात्री करून घेतली. ही खूण वाचून कळत नाही, हातालाच कळावी लागते.

दुपारनंतर मळ्यांवरच्या केसेस. एकदा नुकतीच व्यायलेली संकरित गाय बसून होती, मान कुशीकडे वळवलेली. मालक म्हणाले, "आज सकाळी बसली." धार काढणाऱ्या मावशी मागून म्हणाल्या, "कालच्या धारेलाच कान गार लागत होते तिचे." दुग्धज्वरच होता, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटलेलं. कॅल्शियम शिरेतून सावकाश सोडायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं: एक हात नळीवर, स्टेथोस्कोप छातीवर, ठोका अडखळला की नळी बंद. बाटली संपत आली तशी तिच्या अंगावर थरथर आली, मग ढेकर, मग शेण टाकलं आणि थोड्या वेळानं ती उठली. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हापासून मी चारा घालणाऱ्या आणि धार काढणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय केसपेपर पुरा करत नाही.

त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात झाला. एका गायीला लाल लघवी होत होती, अगदी काळ्या चहासारखी. लाल लघवी म्हटलं की डोक्यात आधी गोचिडाचा ताप, म्हणजे बबेसिया येतो. पण अंगात ताप नव्हता, गोचीडही फारसे नव्हते. व्याल्यानंतर फॉस्फरस कमी पडून होणारा प्रकारही बसेना, कारण गाय पाच महिन्यांची गाभण. लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन उभी ठेवली. मूत्रमार्गातून रक्त येत असेल तर तांबड्या पेशी तळाशी बसतात. इथं रंग वरपासून खालपर्यंत एकसारखा राहिला. म्हणजे पेशी रक्तातच फुटत होत्या. डोळ्यांची आतली कड पांढरट पडलेली, म्हणजे अंगातलं रक्त कमी झालेलं. रक्ताच्या काचपट्टीवर बबेसिया दिसला नाही.

मालकांना विचारलं, काय खायला घालता? मका, मुरघास, सरकी पेंड. सगळं ठीक. पण गोठ्याला लागूनच कांदा साठवायची चाळ होती आणि गायीच्या श्वासाला कांद्याचा वास येत होता. घरातल्या ताईंना विचारलं, "चाळ निवडता तेव्हा सडका कांदा कुठं टाकता?"

"टाकायचा कशाला? पाट्या भरून गायीलाच घालते. आवडीनं खाते. शेळ्याबी खातात की."

शेळ्या-मेंढ्यांना कांदा त्यामानानं सोसतो, गायीला तो लवकर बाधतो. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे तांबड्या पेशी फुटतात. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत पावसाळाभर राहतो आणि त्याच दिवसांत सडतो. भाव पडलेला असला तर टाकायचा माल आणखी वाढतो. ज्यांच्या घामाचा कांदा, त्यांना तो उकिरड्यावर फेकवत नाही, हे मला तिथं उभी असताना पटलं.

कांदा त्याच दिवशी बंद केला. सलाईन, लोहाचं औषध, रक्तवाढीचं टॉनिक आणि सावलीत विश्रांती दिली. गरज पडली तर दुसऱ्या गायीचं रक्त चढवायचीही सरांनी तयारी ठेवली होती, पण तशी वेळ आली नाही. दोन-तीन दिवसांत लघवीचा रंग उतरू लागला. डोळ्यांची कड लाल व्हायला मात्र बराच वेळ लागला. गाभही टिकला.

पुढच्या जंतनिर्मूलन शिबिरात सरांनी मला पाच मिनिटं बोलायला दिली. पुरुषमंडळी पुढं बसलेली असतात, म्हणून मी आधी बायकांना पुढं बोलावलं आणि सांगितलं: सडका कांदा खताच्या खड्ड्यात, दावणीत नाही; आणि लघवी लाल दिसली तर त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन करा, दूध आटायची वाट पाहू नका.