पत्रे कबूल झाले, खातंच नव्हतं

देणगी मागणं अवघड असं सगळे सांगतात, आमचं उलटं झालं. लोक द्यायला तयार आणि घ्यायला आमच्याकडं बँक खातं नाही.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं गाव, वाचनालयाचं छप्पर गळतंय, आणि खानापूरचा पाऊस काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको. 2023 च्या सुरुवातीला ट्रस्ट केला. ट्रस्टचं डीड, पॅन, 80जीचं (देणगीदाराला इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळते ते) प्रोव्हिजनल सर्टिफिकेट सगळं विनातक्रार आलं. मे महिन्यात जत्रेला मुंबई-पुण्याची पोरं आलेली बघून मी माईक घेतला. नुसतं 'मदत करा' म्हटलं तर कोण खिशात हात घालत नाही, म्हणून म्हटलं एक पत्रा साडेआठशेचा, घराच्या नावानं घ्या. पहिले दहा आम्ही कमिटीवाल्यांनीच घेतले, तेही आधी जाहीर केलं, मगच बाकीचे सुटले. तासाभरात वही भरली.

मग बँक. डीडवर जिल्हा बेळगावी, पॅनच्या नोंदीतल्या पत्त्यात जुनं बेलगाम. काउंटरवरचे साहेब म्हणाले मिसमॅच आहे. मी म्हटलं सर, 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललंय, बेंगळुरू-म्हैसूरूचंही त्याच दिवशी बदललं, तर म्हणे डॉक्युमेंट आणा. आणलं. मग ट्रस्टींचा ठराव कन्नडात पाहिजे. केला. मग मॅनेजर रजेवर. प्रत्येक वेळी शेवटी तेच, 'नाळे बर्री'. बस पकडून जायचं, टोकन घ्यायचं, पंख्याखाली बसायचं आणि उद्या या ऐकून परत यायचं, असे सहा आठवडे काढले. सहाव्या आठवड्यात माझं लक्ष साहेबांच्या टेबलावरच्या रबरी शिक्क्याकडं गेलं, त्यावर ब्रँचचा पत्ता जुन्याच स्पेलिंगचा! मी काही बोललो नाही, शिक्का उचलून माझ्याच फॉर्मच्या झेरॉक्सवर उमटवला आणि त्यांच्यापुढं सरकवला. ते हसलेही नाहीत. चार दिवसांत खातं उघडलं.

तोपर्यंत पोरं मुंबईला पोचलेली. जत्रेत हात वर करणारा माणूस जुलैत फोन उचलत नाही, म्हणून खातं आणि क्यूआर हातात असल्याशिवाय तोंड उघडू नका. मधे सेक्रेटरी म्हणत होता माझ्याच नंबरवर घेऊया की, मी नको म्हटलं. गावात एकदा संशय आला की पुढच्या वर्षीची वर्गणी पण गेली, आणि पावती ट्रस्टची अन् पैसे सेक्रेटरीच्या खात्यात, हे ऑडिटला कसं दाखवणार?

हां, एक राहिलं, पावती फाडतानाच पॅन किंवा आधार नंबर घ्या. आर्थिक वर्ष संपलं की पुढचा मे संपायच्या आत 10बीडी, म्हणजे इन्कम टॅक्सला द्यायची देणगीदारांची यादी, भरायचा असतो, चुकलं की दिवसाला 200 रुपये लेट फी, आणि तो भरल्याशिवाय देणगीदाराला 10बीई, म्हणजे सवलतीसाठी लागणारं देणगीचं सर्टिफिकेट, मिळत नाही. आम्ही नंबर घेतलेच नव्हते, एप्रिलभर फोन करत बसलो. 2000 च्या वर रोख दिली तर त्याला 80जीची सवलत नाही, हेही आधीच सांगून टाका, नाहीतर शिव्या आपल्याला.

फोनवर मागून फार काही आलं नाही. जे आलं ते गणपतीला लोक गावी आले तेव्हा, घरोघर जाऊन, वाचनालयातल्या ओल्या पुस्तकांचा फोटो दाखवून. ज्यांनी दिले त्यांना पत्रे चढल्यावर त्यांच्या-त्यांच्या पत्र्याचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला, त्यातल्या दोघांनी न मागता पंख्याचे पैसे दिले.

वहीत अजून अकरा पत्रे बाकी आहेत. त्यातले तीन माझ्या सख्ख्या चुलतभावाचे.